बुदिमिरचं तीस तासांचं आभाळ

बुदिमिरने मे महिन्यातल्या सभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी तीस तासांचा फोटो आणणार. तीस म्हणजे तीस. एक मिनिट कमी भरलं तर भिंतीवर लावू नका.

चाचाक शहराच्या खगोल मंडळाला त्या वर्षी चाळीस वर्षं होत होती आणि तीस जूनला प्रदर्शन होतं. मंडळात डॉक्टर, इंजिनियर, शाळामास्तर असे सगळे होते. बुदिमिर कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि रात्री बाल्कनीत दुर्बीण लावायची, असा त्याचा गेल्या बावीस वर्षांचा संसार. त्या सभेत कुणीतरी हसत म्हणालं, की बाल्कनीतून चंद्र सापडला तरी मिळवली. बुदिमिरला ते लागलं आणि त्याने थेट शौरीतल्या दीर्घिकांवर हात घातला.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अख्खी शहरं. पण शौरी तारकासमूहातला त्यांचा घोळका पन्नास कोटी प्रकाशवर्षं लांब, त्यामुळे इथून त्या दिसतात काळ्या कापडावर उडालेल्या कांजीच्या थेंबांसारख्या. तेवढासा उजेड कॅमेऱ्यात साठायला तास न् तास जातात. आज दोन तास, परवा तीन, असे तुकडे जोडत बसावं लागतं.

सभेत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी समोरची मोठी भिंत त्याच्या नावावर करून टाकली. घरी येताना जिन्यातच बुदिमिरने हिशेब केला. आतापर्यंत त्याच्याकडे सगळे मिळून सहाच तास जमले होते.

त्या वर्षी आभाळ म्हणजे वाळत घातलेली गोधडी झालं होतं. आता वाळेल, मग वाळेल म्हणावं, तोवर पुन्हा भिजलेली. त्याची बायको ल्युबिंका पोस्टात होती आणि मोजकं बोलायची. तिने विचारलं, वीस म्हणाला असतास तर जीभ झिजली असती का?

शेवटी त्याने तीन आठवड्यांची रजा काढली, हवामानाचे अंदाज सांगणारी तीन ॲपं फोनमध्ये घातली, दुर्बीण गाडीत कोंबली आणि डोंगरातल्या गोर्न्या ल्येस्का गावाची वाट धरली. रासबेरीच्या मळ्यांचं हे गाव त्याने नकाशात हेरून ठेवलं होतं. रस्त्यावर दिवे चारच. गावाच्या डोक्यावर बोडकी टेकडी. टेकडीवर सिमेंटचा चौथरा, एक कुलूपबंद खोली आणि खोलीपर्यंत गेलेली विजेची तार. त्या भागात अशा टेकड्या पुष्कळ आहेत आणि त्या कशासाठी आहेत हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुर्बीणवाल्याला सपाट चौथरा दिसला की पुढचं काही दिसत नाही.

खोलीची किल्ली गावच्या पंचायतीचा प्रमुख टिओसाव याच्याकडे होती. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बुदिमिरने वाटेत गाडीतल्या गाडीत एक भाषण पाठ केलं होतं: विश्व, प्रकाश, मानवाची जिज्ञासा वगैरे. टिओसावने त्याच्याकडे पाहिलं, गाडीतून बाहेर आलेल्या ताडपत्री गुंडाळलेल्या जाडजूड नळीकडे पाहिलं आणि विचारलं, "आभाळासाठी आलायस?"

"हो, आभाळासाठीच."

"किती दिवस?"

"महिनाअखेरपर्यंत राहिलो तर चालेल का?"

"चालेल काय विचारतोस? दोन वर्षं वाट बघतोय आम्ही."

किल्ली हातात पडली, वर आलुबुखाराच्या दारूची बाटली. बुदिमिरचं भाषण घशातच राहिलं. चढावर गाडी घालताना त्याचा ऊर भरून आला होता. एवढ्याशा गावात खगोलाची एवढी आवड, आणि आपण बावीस वर्षं चाचाकच्या बाल्कनीत फुकट घालवली!

पुढचे दहा दिवस तो जावयासारखा राहिला. सकाळी दार उघडावं तर पायरीवर फडक्यात बांधलेली, पापुद्र्यांत चीज भरलेली गरम पिटा. ती शेवटच्या घरातली म्हातारी स्तामेंका पाठवायची. कधी घट्ट साय, कधी धुरावलेलं मांस. खाली गावात गेला की पुरुष टोपी काढायचे आणि काळजीने विचारायचे, "उस्ताद, आज कसं काय वाटतंय?"

बुदिमिर खरं तेच सांगायचा. "काही खरं नाही. चारनंतर पश्चिमेकडून ढग चढतील."

हे ऐकून माणसं पांढरी पडायची. बुदिमिरला गहिवरून यायचं. चाचाकमध्ये त्याच्या ढगांची ल्युबिंकालासुद्धा पर्वा नव्हती. इथे अख्खं गाव हळहळत होतं. रात्री ढग असले की त्याला झोप लागायची नाही, तो चौथऱ्यावर येरझारा घालायचा, दर दहा मिनिटांनी वर बघायचा. खालून लोकांना त्याची बॅटरी हलताना दिसायची आणि ते एकमेकांना सांगायचे, की असा जागणारा माणूस आजवर मिळाला नव्हता. मधेच ढग फाटले की तो घाईघाईने ताडपत्री ओढून दुर्बीण शौरीकडे वळवायचा. दीड तास, दोन तास, एकदा नुसती चाळीस मिनिटं. दहा दिवसांत अकरा तास जमले. पहिले सहा धरून सतरा.

अकराव्या दिवशी स्तामेंका पिटा घेऊन स्वतःच वर आली. दम खात चौथऱ्यावर बसली, नळीवरून मायेने हात फिरवला आणि म्हणाली, "आधीच्याकडे लोखंडी चौकट होती, बारीक बारीक नळ्यांची. ही एकच आहे, पण दणकट दिसतेय. यात रॉकेटं किती मावतात रे, पोरा?"

"कोण आधीचा?" बुदिमिरने विचारलं.

मग म्हातारीकडून एकेक बाहेर आलं. पाच वर्षांपूर्वी ऐन तोडणीत आठ मिनिटं गारा पडल्या आणि गावाचं वर्ष संपलं. अशा ढगांत औषधाची रॉकेटं सोडून गारा मोठ्या व्हायच्या आत मोडायला जिल्ह्याचं गारपीट केंद्र प्रत्येक टेकडीवर एक माणूस नेमतं. त्यासाठीच हा चौथरा. इथला रॉकेटवाला दोन वर्षांपूर्वी मुलीकडे ऑस्ट्रियाला निघून गेला. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये गाव जीव मुठीत धरून बसायचं. "तू आलास आणि मला झोप लागायला लागली," स्तामेंका म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन उतरली.

झोप आता बुदिमिरची गेली.

संध्याकाळी तो सगळं सांगून टाकायच्या तयारीने टिओसावच्या अंगणात गेला. तिथे पाचसहा जण बसले होते आणि त्याला बघताच त्यांनी बाकावर जागा केली. बुदिमिरने घसा साफ केला. म्हणाला, मी खरं म्हणजे दातांचं काम करणारा माणूस आहे. टिओसाव म्हणाला, त्यात लाजण्यासारखं काय, आधीचा तर न्हावी होता. बुदिमिर म्हणाला, मी फक्त फोटो काढतो. एक जण म्हणाला, काढच, फोटोशिवाय केंद्रवाल्यांना काही पटत नाही. बुदिमिरने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात टिओसावने सहज सांगितलं, की केंद्राने परवा आणखी एक रॉकेटवाला पाठवला होता. त्यांचा नेहमीचा सावळागोंधळ. आमच्याकडे आहे म्हणून सांगितलं आणि त्याला पलीकडच्या ब्र्येझाक गावाला लावून दिला.

बुदिमिर बाकावरून उठला आणि टेकडीकडे चालू लागला.

आतापर्यंत ढग आला की त्याचा फोटो जायचा. आता ढग आला तर एका गावाचं वर्ष जाणार होतं. त्याने आणखी दोन ॲपं घेतली. पाच ॲपं पाच तोंडांनी बोलायची आणि तो पाचही खरी धरायचा. पायरीवरची पिटा गळ्याखाली उतरेना. ती फेकायचीही लाज वाटायची, म्हणून तो डोळे मिटून ती औषधासारखी गिळायचा. शेवटी त्याने ल्युबिंकाला फोन करून सगळं सांगितलं.

"आजच सांग," ती म्हणाली.

"उद्या सांगतो. उद्याची रात्र स्वच्छ दिसतेय, तेवढी होऊन जाऊ दे."

"बुदिमिर, पोस्टात असल्या माणसाला आम्ही काय म्हणतो, ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

असे तीन उद्या गेले. स्वच्छ रात्र एकही आली नाही.

चौथ्या दिवशी, बाराच्या सुमाराला, पाचही ॲपं पहिल्यांदाच एका सुरात बोलली. संध्याकाळी सहा, पश्चिमेकडून, मोठ्या गारा. वर आभाळ निळंशार होतं. बुदिमिर सकाळपासून चौथऱ्यावर दुर्बिणीचा आरसा पुसत बसला होता. तो तसाच उठला आणि उतारावरून धावत सुटला. पन्नाशी उलटल्यावर माणसाने असं धावू नये. दोनदा घसरला, एकदा काट्यांत गेला.

मळ्याच्या कडेला जेवणाची सुट्टी चालली होती. टिओसाव पाव कापत होता. बुदिमिर त्याच्यासमोर उभा राहिला. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, त्यामुळे खरं तेवढंच बाहेर पडलं.

"मी रॉकेटवाला नाही. ती दुर्बीण आहे. मी लांबच्या ताऱ्यांचे फोटो काढायला आलो होतो. तुमचा गैरसमज झालाय हे मला चार दिवसांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसलो."

टिओसावने सुरी खाली ठेवली.

"वर एकही रॉकेट नाही?"

"एकही नाही."

"आणि स्तामेंकाच्या पिटा खाल्ल्यास."

"खाल्ल्या."

"मग आता कशाला सांगतोयस?"

"संध्याकाळी सहाला गारा येणार आहेत. अजून साडेपाच तास आहेत. पिकलेलं सगळं आत्ता तोडलंत तर वाचेल."

टिओसावने निळ्या आभाळाकडे बघितलं. "हे तरी खरं कशावरून?"

"तीन महिने मी दुसरं काही बघितलेलं नाही," बुदिमिर म्हणाला.

टिओसावने आधी ब्र्येझाकच्या रॉकेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडे चार रॉकेटं आहेत आणि ती मला इकडेच लागतील. टिओसावने फोन खिशात घातला, पायाजवळची एक रिकामी पेटी उचलली आणि बुदिमिरच्या छातीवर टेकवली.

गाव मळ्यात उतरलं. शाळा सोडून पोरं आली, दुकान बंद करून दुकानदार आला. बुदिमिरच्या दोन्ही बाजूच्या ओळी भराभर पुढे सरकत होत्या आणि तो तिथेच होता. एकेक रासबेरी तो दोन बोटांत धरायचा, फिरवून बघायचा आणि पेटीत हळूच टेकवायचा. स्तामेंका दोन पेट्या भरून त्याच्या शेजारून गेली आणि म्हणाली, "पोरा, त्या कुणाच्या तोंडात बसवायच्या नाहीत. पेटीत टाकायच्यात." आजूबाजूला दोघंतिघं हसले. बुदिमिरने पुढच्या तीन एकदम टाकल्या.

पाचला पश्चिमेकडचा डोंगर काळवंडला. साडेपाचला त्या काळ्यात हिरवट झाक आली. ब्र्येझाकच्या बाजूने चार बार झाले, एकामागून एक, आणि ढगाने ढुंकूनही पाहिलं नाही. सहाला दहा मिनिटं कमी असताना शेवटची पेटी गावच्या शीतगृहात गेली आणि पत्र्यावर पहिली गार वाजली. मग अक्रोडाएवढ्या गारांनी पत्रा असा बडवला, की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बारा मिनिटं. माणसं पेट्यांच्या मधे उभी राहून दाराबाहेर बघत होती.

सातव्या मिनिटाला बुदिमिरला आठवलं, की दुर्बिणीवर ताडपत्री घातलेली नाही.

अख्ख्या गावाची पानं बाहेर फाटत असताना आरशाबद्दल बोलायचं कुठल्या तोंडाने? गारा थांबल्यावर त्याने लोकांबरोबर मळा बघितला. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, कच्ची फळं मातीत पडली होती. पिकलेलं सगळं आत होतं. निम्म्याहून जास्त हंगाम वाचला, असं टिओसाव कुणाशी तरी म्हणाला, बुदिमिरशी नाही. मग बुदिमिर टेकडी चढला. चढताना पाय पुढे जात होते आणि मन मागे राहत होतं.

चौथऱ्यावर एक मोठा ढीग होता. सर्वांत वर उपडं घातलेलं कपडे धुण्याचं पत्र्याचं घमेलं, त्याला ठिकठिकाणी पोचे. त्याखाली दुलई, त्याखाली वासराची घोंगडी आणि त्याखाली, एकही ओरखडा नसलेली, कोरडी दुर्बीण. खोलीच्या दारात स्तामेंका ओलीचिंब बसली होती. ती पाचलाच मळ्यातून निघून आली होती.

"रॉकेटं भिजू नयेत म्हणून," ती म्हणाली.

बुदिमिर तिच्याजवळ बसला आणि त्याने पुन्हा सगळं समजावून सांगितलं, की यात रॉकेटं नाहीत, कधीच नव्हती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "नसू देत," ती म्हणाली. "म्हणून काय वस्तू भिजू द्यायची?"

त्या रात्री आभाळ असं धुऊन निघालं, की तीन महिन्यांत तसं दिसलं नव्हतं. बुदिमिर साडेतीन तास कॅमेऱ्याजवळ बसून राहिला. ढगांची भीती उरली नव्हती, आता आपल्याला हाकलायला कुणी कंदील घेऊन टेकडी चढताना दिसतं का याची भीती वाटत होती. कुणी आलं नाही. उजाडताना बेरीज झाली साडेवीस तास. त्याने मंडळाच्या अध्यक्षांना कळवून टाकलं, की साडेवीसच आहेत, भिंत दुसऱ्या कुणाला द्यायची तर द्या. कालच्यानंतर हे सांगायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

सात वाजता टिओसाव वर आला. हातात कॉफीची किटली आणि दोन कप. तो बसला आणि म्हणाला, केंद्राचा माणूस गुरुवारी येतोय, त्याच्या आत खोली रिकामी कर. बुदिमिरने मान हलवली. मग टिओसावने संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. "हेच का ते?"

बुदिमिरने दाखवलं. हा पुसट ठिपका एक, तो लांबुडका दुसरा, हे दोन एकमेकांत अडकलेले. ते साधे तारे नाहीत, प्रत्येकात अब्जावधी तारे आहेत. टिओसाव नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला.

"हे इकडे यायचा काही संभव?"

"नाही. सगळे आपल्यापासून लांब चाललेत. सेकंदाला अकरा हजार किलोमीटर."

टिओसावने कॉफीचा एक घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरल्यासारखा वाटला.

"चाललेत तर जाऊ देत की," तो म्हणाला. "तू कशाला त्यांच्या मागे लागलायस?"

बुदिमिरने तोंड उघडलं. विश्व, प्रकाश, मानवाची जिज्ञासा, काहीच वर येईना. शेवटी त्याने विचारलं, कॉफीत साखर घातलीय का.