तीनदा ओढलेलं कुलूप

आमच्या मळवलीत दिगू कुलूप लावतोय हे कळायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. खट्, खट्, खट्. कुलूप तीनदा ओढायचं आणि दर वेळी त्यालाच विचारायचं, "धरलंय का?" कुलपाने आजवर उत्तर दिलेलं नाही. दिगूने विचारायचं सोडलेलं नाही.

दिगू माझा शेजारी. मुंबईकरांचे बंगले राखतो. मालक शनिवार-रविवारपुरते येतात, बाकीचे दिवस किल्ल्या दिगूच्या कमरेला. चालला की घुंगरू बांधलेल्या बैलासारखा वाजतो. ओढायची सवय अशी भिनलीय की गाईचं दावंही तीनदा ओढतो. गाय पहिल्या ओढीलाच शिंग रोखते. माझ्या दारावरून जाताना माझीही कडी ओढून बघतो. एकदा म्हणाला, "आक्का, कडी धरंना. बदलून घ्या."

"अरे मेल्या, मी आतून उघडत होते!"

या माणसाने पन्नाशीच्या आसपास लग्न केलं, तेही हंगेरीच्या इलोनाशी. ती भाज्याच्या लेण्यांची चित्रं काढायला आली होती. दिगू राखायचा त्याच बंगल्यात उतरली आणि निघताना किल्ली द्यायची विसरली. दिगू स्टेशनापर्यंत पळत गेला. किल्ली आणि बाई, दोन्ही घेऊन परतला, असं गाव सांगतं. खरं एवढंच, की पुढच्या वर्षी ती आपल्या पायांनी परत आली. आता ती भाकरी थापते आणि माझ्यापेक्षा ठसक्यात मावळी बोलते. गाव तिला इलाबाई म्हणतं.

यंदाच्या हिवाळ्यात तिच्या आईने अंथरूण धरलं. इलाला जायचं होतं. पण तिच्या इथं राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अजून व्हायचं होतं. त्याआधी प्रवासाची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परत येणंच अडलं असतं. त्या परवानगीचा अर्ज मोबाइलवर भरायचा, तोही इंग्रजीत. म्हणून मला बोलावणं आलं.

माझ्या इंग्रजीची ख्याती जुनी आहे. नवी नवरी असताना मी सासूबाईंविरुद्धच्या सगळ्या तक्रारी इंग्रजीत लिहून कागद त्यांच्याच हातात दिला होता. त्यांना वाचता येत नाही म्हटल्यावर आमचं शौर्य उतू चाललेलं! त्यांनी तो कौतुकाने देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. आल्यागेल्याला दाखवायच्या, "सूनबाईंनी लिवलंय." शेवटी नणंदेचा नवरा आला. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, झकास. फक्त 'सासू'चं स्पेलिंग चुकलंय."

तर अर्ज. दिगू आंघोळ करून, टोपी घालून बसला. फोटोत इलाने डोक्यावर पदर घेतलेला, तो फोटो परत आला.

"कान दिसत न्हाईत म्हनं," दिगू वैतागला. "हिचं कान कुनाला बगायचंत?"

पुढे प्रवासाचं कारण. दिगू म्हणाला, "लिवा, माहेरपण." मी आपलं 'आई आजारी' असं लिहिलं. दिगू मोबाइलमध्ये नाक खुपसून म्हणाला, "आन परत यायचं कारण कुटं लिवायचं?"

"तसा रकाना नाही."

"आसं कसं? जायचं कारण इचारत्यात, यायचं न्हाई?"

इला चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"आता हे बटण दाबलं की झालं," असं सांगून मी हात धुवायला उठले. तेवढीच माझी चूक. मोरीत मला ओळखीचा ठेका ऐकू आला. टक्, टक्, टक्. "धरलंय का?"

धरलं होतं. तीनदा. दर वेळी मागे जाऊन दिगूने अर्ज पुन्हा पाठवला होता. एकाच बाईचे तीन अर्ज झाले आणि तिन्ही अडकले. इला दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं, "माजी आय जायील, तवर ह्यो कुलपंच वडत बसंल."

दिगू त्या दिवशी जेवला नाही.

आम्ही परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या पुण्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तीन अर्ज? तीनदा जाणार आहेत का?"

"न्हाई वो मॅडम!" दिगू रडायचाच बाकी होता. "जायाला येकच द्या. यायाला मातुर तिन्ही लागू करा."

बाई हसल्या. दोन अर्ज रद्द केले, एक पुढे सरकवला. परवानगी आली.

निघायच्या दिवशी मी इलाची ओटी भरली. दिगूने तिच्या बॅगेची चेन तीनदा ओढली. मग तिचा हात धरला आणि तोही ओढला, अगदी हलकेच.

"आवो, सोडा. मी काय गेट हाय?" इला म्हणाली. पण हात तिनेही लगेच सोडवला नाही.

चार-सहा दिवसांनी दुपारी मी कालवण घेऊन गेले, तर दिगूचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. कुलूप खिडकीत पडलेलं. चोर शिरेल म्हणून मी पातेलं सावरून उंबऱ्यात पहारा देत बसले. बऱ्याच वेळाने रस्त्यावर किल्ल्या वाजल्या.

"अरे, जगाची कुलपं ओढतोस आणि स्वतःचं घर उघडं टाकून हिंडतोस?"

दिगू खाली बघत म्हणाला, "तिची किल्ली हितंच ऱ्हायली, आक्का. मी बंगल्यावर आसताना आली आन दाराला कुलूप दिसलं, तर?"

"तिला यायला अजून महिना आहे, दिगू."

"व्हय," तो म्हणाला आणि पातेलं घेऊन आत गेला. निघताना मी सवयीने दार ओढून घेऊ लागले.

"ऱ्हाऊ द्या, आक्का. आसू द्या उगडंच."

तेव्हापासून मी तांदूळ निवडायला पुढच्या ओट्यावर बसते. तिथून त्याचं दार दिसतं.