उंचीतला फरक शून्य

डॉक्टरांनी ते यंत्र विमानाच्या पुढच्या काचेखाली चिकटवलं आणि हलणारी दाढ तपासावी तसं दोन बोटांनी हलवून पाहिलं. यंत्र हललं नाही.

"बाबा, आता कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही," ते शेजारी पट्ट्यात आवळून बसलेल्या सासऱ्यांना म्हणाले.

"मी कुठं घाबरलोय?" सासरे म्हणाले. त्यांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि रविवारी आपल्या चार खुर्च्यांच्या विमानातून सगळ्या जगाकडे वरून बघायचं, असा त्यांचा क्रम. सासरे वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले. उभा जन्म चौकात शिटी फुंकण्यात गेला होता, त्यामुळे जे वाहन ब्रेक मारून जागच्या जागी थांबवता येत नाही त्यात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आज पंच्याहत्तरीला तो नियम मोडायला ते तयार झाले ते केवळ या यंत्रामुळे. आसपास दुसरं विमान आलं की यंत्र आधीच ओरडून सांगतं, हे डॉक्टरांनी त्यांच्या गळी उतरवलं होतं.

अर्थात सासऱ्यांना आकाश दाखवणं हे निमित्त. सासऱ्यांना जावई दोन आणि विमानंही दोघांकडे. धाकटा जावई, म्हणजे डॉक्टरांचा साडू, फरशांचा व्यापारी. "फरशीवाले हुशार आहेत, डॉक्टर जरा घाईचे," असं सासरे एकदा जेवताना बोलून गेले होते आणि तो घास डॉक्टरांना आजवर गिळता आला नव्हता. सासऱ्यांनी सुखरूप उतरून घरी जावं आणि चारचौघांत 'डॉक्टर हुशार' एवढंच म्हणावं, की डॉक्टरांच्या जन्माचं सार्थक होणार होतं.

साडूशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण, टक्कर. इतरांच्या विमानांच्या टकरी ढगात होतात. यांची झाली शेडमध्ये, दोन्ही इंजिनं बंद असताना, दोघं आपापलं विमान हातांनी ढकलत असताना. पंखाला पंख घासला. "मी जागेवर उभा होतो," असं डॉक्टर सांगत. "मीही जागेवरच होतो," असं साडू सांगे. दोघंही जागेवर असताना टक्कर झाली कशी, हे मात्र कुणीच सांगत नसे. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे? म्हणून डॉक्टरांनी हे खिशात मावणारं, टक्कर टाळणारं यंत्र आणलं. आठवडाभरात साडूच्या घरीही तेच आलं, कारण एका बहिणीकडे आलेली वस्तू दुसरीकडे आली नाही असं त्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं.

यंत्राचं काम सोपं होतं. प्रत्येक विमानात एक डबा असतो. तो 'मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे' असं आकाशात सतत सांगत राहतो. हे यंत्र कान लावून ते ऐकतं आणि दुसरं विमान किती जवळ आणि किती वर-खाली आहे ते सांगतं. कुठल्या दिशेला आहे, ते मात्र सांगत नाही. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्याने पडद्यावर एक प्रश्नही विचारला होता: 'तुमचं स्वतःचं विमान कोणतं?' डॉक्टरांनी 'नंतर' हे बटण दाबलं होतं. दुखऱ्या दाढेला 'नंतर बघू' म्हणणाऱ्या पेशंटची ते खुर्चीतच हजेरी घेत, ती गोष्ट वेगळी.

विमान शेडसमोरून निघालं तेव्हा साडू आपल्या विमानाची काच पुसत उभा होता. डॉक्टरांनी समोर बघितलं, म्हणजे मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही. चाकं जमिनीवरून सुटली. खालची घरं काड्यापेट्यांएवढी झाली. सासऱ्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा उघडला आणि त्यांच्या तोंडून 'डॉ' एवढं बाहेर पडतंय तोच यंत्र बाईच्या आवाजात किंचाळलं.

"ट्रॅफिक! ट्रॅफिक!"

सासऱ्यांचा हात आपसूक शिटीच्या खिशाकडे गेला. "कुठंय?"

"अगदी जवळ," डॉक्टर पडद्यात डोकं घालून म्हणाले. "उंचीतला फरक शून्य!"

सासऱ्यांनी चौकातल्या सवयीने आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहिलं. "चिटपाखरू नाही हो. याला ट्रॅफिक म्हणता तुम्ही?"

"मागे असणार. मागचा दिसत नाही."

"मग हात दाखवा त्याला."

हात दाखवण्याऐवजी डॉक्टरांनी विमान वर नेलं. पडदा म्हणाला, फरक शून्य. खाली आणलं. फरक शून्य. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. सासऱ्यांचा रंग बदलला, पडद्यावरचा आकडा बदलला नाही. दातओठ खात डॉक्टरांनी विचार केला. इतका चिकट माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता.

त्यांनी रेडिओ उचलला. "माझ्या मागे कोण आहे?"

"मला तर कुणी दिसत नाही, डॉक्टर," विमानतळावरचा रेडिओवाला म्हणाला.

"तुम्हाला खिडकीतून काय डोंबल दिसणार? वर गेलो की वर येतो, खाली गेलो की खाली येतो! फरशीवाले कुठं आहेत?"

"ते होय? ते आत्ताच इथं..."

"वाटलंच मला!"

त्या वाक्याचा उरलेला भाग ऐकायला डॉक्टर थांबले नाहीत. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायची त्यांना धंद्यामुळे सवयच नव्हती. "त्यांना म्हणावं, विमानात सासरे बसलेत, जरा लाज बाळगा! मी जुन्या गवताच्या धावपट्टीवर उतरतोय. होऊ दे त्यांना पुढे!" हे सगळं त्या भागातल्या यच्चयावत रेडिओंवर ऐकू गेलं, हे सांगायला नकोच.

पळता आकाश थोडं झालं आणि डॉक्टर उतरले. धावपट्टी आखूड, डॉक्टर घाईचे. विमान टोकापर्यंत गेलं, आणखी थोडं गेलं आणि एक चाक चिखलात रुतवून तिरकं उभं राहिलं.

"आलो का आपण?" सासऱ्यांनी विचारलं.

"जरा अलीकडे उतरलो, बाबा."

सासरे उतरले, एका झाडाखाली जाऊन बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, "फरशीवाले असते तर..." पुढचं वाऱ्यावर गेलं. डॉक्टरांच्या काळजाला मात्र ते अख्खं पोचलं.

इंजिन बंद होतं आणि यंत्र गप्प होतं. बिघाड तर नाही ना, म्हणून डॉक्टरांनी विमानातला तो 'मी इथे आहे'वाला डबा नुसता चालू केला.

"ट्रॅफिक! ट्रॅफिक!"

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. मोकळं गवत आणि सासरे. त्यांनी डबा बंद केला. यंत्र गप्प. चालू केला.

"ट्रॅफिक! ट्रॅफिक!"

"कोण आलं?" सासऱ्यांनी झाडाखालून विचारलं.

"कुणी नाही!"

"मग ती बाई कुणाच्या नावानं ओरडतेय?"

कुणाच्या नावाने, ते डॉक्टरांना तेव्हा कळलं. जिवाच्या आकांताने ते ज्याच्यापासून पळाले होते, तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता. सासऱ्यांना हे कळलं तर 'डॉक्टर घाईचे' हे शब्द दगडावर कोरले जाणार होते.

तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. साडूचं विमान डौलात उतरलं आणि चिखलाच्या बरंच अलीकडे थांबलं. डॉक्टरांना वाटलं, संपलं. साडू पळत आला. त्याने तिरकं विमान पाहिलं, झाडाखालचे सासरे पाहिले, डॉक्टरांचं तोंड पाहिलं.

"डॉक्टर! तुमच्याही मागे लागला होता का तो?"

"क... कोण?"

"काय माहीत कोण! वर गेलो की वर येतो, खाली गेलो की खाली येतो. यंत्र ओरडून ओरडून घायकुतीला आलं. तुम्ही इथं उतरताय असं रेडिओवर ऐकलं, मग मीही आलो."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. बिचारा! यानेही 'नंतर' दाबलेलं दिसतंय आणि याच्या तर अजून लक्षातही आलेलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना साडूबद्दल माया वाटली. अडाणी माणसाबद्दल वाटते, त्या जातीची.

"होय ना," ते घसा खाकरून म्हणाले. "कुणीतरी माथेफिरू असावा."

"नंबर घेतलात?" सासरे उठून उभे राहिले.

"नाही घेता आला, बाबा."

"दोघांतल्या एकानं तरी घ्यायचा!"

मग चाक काढायचं काम सुरू झालं. दोन साडू शेजारी शेजारी वाकून पंखाला खांदा लावून उभे राहिले आणि सासऱ्यांनी समोर उभं राहून हातांचे इशारे सुरू केले. थांबा. डावीकडून या. आता दोघंही. चौक परत मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. चाक चिखलातून सुटलं तेव्हा दोघं जावई एकमेकांच्या अंगावर आदळले आणि कुणी कुणाला धडक दिली याचा वाद कुणीच घातला नाही.

"पाणी आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझ्या विमानात मागच्या सीटवर बाटली आहे," साडू म्हणाला.

"मी आणतो," डॉक्टर उदारपणे निघाले.

"नको, नको, मी आणतो ना!"

पण डॉक्टर घाईचे. ते केव्हाच दारापाशी पोचले होते. मागच्या सीटवर बाटली होती आणि ती कलंडू नये म्हणून तिला एका खोक्याचा टेकू होता. खोक्यावर यंत्राचं चित्र होतं. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं, एक कोपराही फाटलेला नव्हता.

डॉक्टर बाटली धरून उभे राहिले. 'वर गेलो की वर येतो, खाली गेलो की खाली येतो.' ते शब्द कुणाचे होते ते आता त्यांना आठवलं. रेडिओवाल्याचं अर्धं राहिलेलं वाक्यही त्यांनी मनातल्या मनात पुरं करून पाहिलं. मघाची माया कुणी कुणावर केली होती, याचाही हिशेब उलटा लागला. त्यांना फार लाज वाटली आणि कधी नव्हे ते बरंही वाटलं.

सासरे घटाघटा पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "हुशार आहात दोघंही. बरोबर चकवलंत त्याला."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी डॉक्टर झुरले, तो असा मिळाला. नाही म्हणायची सोय नव्हती.

"बाबा, परत जाताना यांच्या विमानात बसा," ते म्हणाले. "यांचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं आहे."

सासरे खूश होऊन पुढे चालू लागले. साडूने डॉक्टरांकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

"बघितलंत वाटतं?"

"बघितलं," डॉक्टर म्हणाले. "फार गुणी यंत्र. मालकासारखं खोटं बोलत नाही."