रेड्याला अखेरचा निरोप

"या वेळी असा ग्रुप आणलाय, की मुख्य बँड फिका पडेल!" धसक्याने मालकांना छातीठोकपणे सांगितलं, आणि लगेच बाहेर जाऊन घटाघटा पाणी प्यायला.

धसका म्हणजे एका नाट्यगृहाचा कार्यक्रम-व्यवस्थापक. फोन वाजला तरी दचकायचा, नाही वाजला तरी दचकायचा, म्हणून नाव धसका! रॉक बँडच्या आधी अर्धा तास कुणाला तरी स्टेजवर चढवून लोकांना तापवायचं, हे त्याचं काम. आणि नेमकं तिथेच त्याचं घोडं पेंड खायचं. एकदा त्याने जादूगार आणला. मागे ड्रमवाल्याने सहज एक ठोका दिला, तशी जादूगाराची सगळी कबुतरं भुर्रकन छताच्या दिव्यांवर जाऊन बसली. त्या दिवशी गिटारवाल्याने आख्खा कार्यक्रम डोक्यावर टोपी घालून वाजवला! दुसऱ्यांदा आणला वजन उचलणारा पहिलवान. त्याने वजन उचललं झकास. पण खाली टाकलं ते स्टेजच्या फळ्या फोडून थेट तळघरात. मुख्य गायक बिचारा त्या भोकाला प्रदक्षिणा घालत गायला.

"आता तिसऱ्यांदा गोंधळ झाला," मालक म्हणाले होते, "तर कबुतरांच्या मागोमाग तू!"

म्हणून धसक्याने आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला होता. ताईच्या ओळखी गावभर.

"ताई, ताबडतोब एक गाणारा ग्रुप हवाय गं! ऐकून माणसं हादरली पाहिजेत!"

धसक्याचा आवाज नेहमीच रडवेला. कार्यक्रम कसला हे ताईने विचारलंच नाही. कुणीतरी गेलं असणार, हे तिने ओळखलं.

"आहेत ना! चौघीजणी. नखशिखान्त काळे कपडे. मरणाशिवाय दुसऱ्या कशावर गात नाहीत. परवा एक धडधाकट गृहस्थ ऐकता ऐकता कोसळले!"

"अगं, हेच हवं होतं! नाव काय?"

"'अखेरचा निरोप'."

काय नाव! धसक्याच्या अंगावर काटा आला. "वाद्यं कुठली लागतील?"

"काही नको. पेटी तर तिथे असतेच."

रॉकमध्ये हार्मोनियम? प्रयोगशील दिसतात, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मागच्या दाराशी चार बायका येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या. पायांत मऊ चपला, हातात घडी केलेले रुमाल. धसका दचकला. त्यांतल्या मोठ्या बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धीर धरा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं! त्याचे डोळेच भरून आले. ते पाहून मोठ्या बाईंची उरलीसुरली शंका फिटली.

स्टेजच्या मधोमध काळी शवपेटी होती. ती बँडची. मुख्य गायक 'रेडा' तिच्यात झोपून राहायचा. गिटार कडाडली, की झाकण उघडायचं, धूर निघायचा आणि रेडा डरकाळी फोडत उठायचा. लोक यायच्या आधीच त्याला आत ठेवून झालं होतं.

"गेले कधी?" पेटीकडे बघत मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"आत्ताच गेला, अर्धा तास झाला."

"अरेरे! वय?"

"पस्तीस."

"चक् चक्! मागे कोण?"

"मागे ड्रमवाला आहे."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. संसार तरी कुणाकुणाचे कसे असतात!

पडदा वर गेला. हजारभर काळे शर्ट आरडाओरडा करत होते. मोठ्या बाईंनी नुसता हात वर केला. "शांत व्हा. आपलं सगळ्यांचं दुःख एकच आहे."

धसक्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला! "पडदा पाड! पडदा पाड!" तो पडदेवाल्याकडे धावला. पण चौघींनी सूर लावला होता, आणि पडदेवाला दोर सोडून नाक पुसत होता.

पहिल्या गाण्याला लोक हसले. दुसऱ्याला गप्प झाले. तिसऱ्याला एक दाढीवाला दांडगा स्टेजवर चढला आणि हुंदके देत म्हणाला, "त्याची डरकाळी ऐकूनच मी रोज कामावर जायचो हो!" रेड्याची आई मुलाचा कार्यक्रम बघायला पहिल्यांदाच आली होती. ती पहिल्या रांगेत ताडकन उभी राहिली. "म्हणजे? मला कुणी कळवलं कसं नाही?"

आता बँड सुरू झाला तरच निभाव! धसक्याने विंगेतून जिवाच्या आकांताने इशारा केला. गिटार कडाडली. झाकण उघडलं. धूर निघाला.

रेडा उठला नाही.

धूर विरला. रेडा तसाच! आईने हंबरडा फोडला. आत हवा कमी पडली असेल? खरंच गेला? नोकरीचं राहू दे, पोलीस येतील! धसका धडपडत स्टेजवर गेला आणि रेड्याचे खांदे गदागदा हलवायला लागला. "ऊठ रे बाबा! पाया पडतो तुझ्या!"

रेड्याच्या छातीवरचा माईक चालू होता. आख्ख्या नाट्यगृहात जडावलेला आवाज घुमला, "आई, पाचच मिनिटं गं..."

गाण्यांनी गडी गाढ झोपला होता!

छप्पर उडेल असा जल्लोष झाला. आईने स्टेजवर चढून आधी मुलाला एक चापटी दिली, मग मिठी मारली. बँड असा काही वाजला, की मालक स्वतः खुर्चीवर उभे राहून नाचले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी हुकूम सोडला, "त्या चौघी दर कार्यक्रमाला पाहिजेत!" धसक्याने ऐटीत फोन फिरवला.

"नाही हो, जमायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"का? लोकांना केवढं आवडलं!"

"लोकांचं ठीक आहे. पण आम्ही गायलो आणि गेलेला माणूस उठून बसला, हे चार घरी कळलं, तर आम्हाला बोलवायचा धीर कुणाला होईल?"