वाळू द्या

ऑफिसात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणत. ठेंगणे, गोल आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले. नोकरी मुद्रितशोधकाची, म्हणजे लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढायच्या, आणि ही खोड घरी आल्यावरही सुटत नसे. (वाणसामानाच्या यादीतलं ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केल्याशिवाय हे गृहस्थ दुकानाची पायरी चढत नसत.)

तर या अनुस्वारांनी एका शनिवारी सकाळी ठरवलं, की गाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घरीच रंगवायच्या. गाडी सासऱ्यांनी दिलेली. त्यांनी ती दहा वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. (पोटची पोर म्हणे, 'माझ्यापेक्षा जास्तच.') जावयाकडे आल्यापासून मात्र उन्हात उभी राहून दारांवरच्या आडव्या काळ्या पट्ट्या राखाडी पडल्या होत्या. रविवारी सासरे येणार होते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून जावयाबद्दल एकही बरा शब्द अजून निघाला नव्हता, आणि अनुस्वारांना तो मनापासून हवा होता.

"गॅरेजात द्या ना," बायको म्हणाली.

"एवढ्याशा पट्ट्यांना गॅरेज कशाला? कृती कळली की झालं."

ओळखीच्या रंगाऱ्याला फोन केला. तो घाईत होता, त्याने मोबाइलवर लिहून पाठवलं: 'पट्या साबनाने धुवा. पॉलिश पेपरने घासा. प्रायमर मारा. वाळू द्या. काळ्या रंगाचा एक हात मारा. वाळू द्या. मग दूसरा हात.'

अनुस्वारांनी आधी त्यातल्या तीन चुका काढल्या. 'वाळू' मात्र निर्दोष होती, दीर्घ ऊकारासकट. त्यांना रंगाऱ्याचं कौतुक वाटलं.

"वाळू किती द्यायची, ते नाही लिहिलं," त्यांनी अंगणातून ओरडून विचारलं.

आत मिक्सर चालू होता. "काय?"

"वाळू! किती द्यायची?"

"अहो, द्या की चांगली! घाई कसली आहे तुम्हाला?"

मूळच्या पट्टीवरून हात फिरवला तर ती किंचित खरखरीत लागत होतीच. हा खरखरीतपणा येतो तो असा तर! धंद्यातलं गुपित हाती लागल्यासारखं त्यांना झालं. समोरच्या घराचं प्लास्टर चालू होतं, तिथून बादलीभर वाळू आणून त्यांनी बारीक चाळली. पट्ट्या धुतल्या, घासल्या, आजूबाजूला टेप लावून वर्तमानपत्रं चिकटवली (त्यातल्या दोन चुका काढल्या). प्रायमर मारला आणि ओला असतानाच मूठ मूठ वाळू दिली. मग काळा हात, पुन्हा वाळू. दुसरा हात मारून ते घाम पुसत, अगदी समाधानाने पायरीवर बसले.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "ही पिठाची चाळणी इथे काय करतेय?"

"वाळू चाळली."

तिने पट्टीला बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं आणि रंगाऱ्याला स्पीकरवर फोन लावला.

"कसली वाळू, वहिनी? सुकू द्या म्हणालो मी!"

"मग 'सुकू द्या' लिहायचं!" अनुस्वार कळवळले. "आता हे निघेल कसं?"

"पॉलिश पेपरने घासायला हवं. पण साहेब, तुमची पट्टीच आता पॉलिश पेपर झालीय."

रविवारी सासरे आले ते थेट गाडीपाशी गेले. वाकले. पट्टीवरून सावकाश हात फिरवला, तळहात उलटा करून बघितला.

"कोणी केलं हे?"

लपवण्यात अर्थ नव्हता. अनुस्वारांनी मोबाइल पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं, चाळणीसकट.

सासऱ्यांनी मजकूर दोनदा वाचला. मग ते हसू लागले. इतके, की गाडीला टेकावं लागलं, आणि टेकल्या टेकल्या पट्टीला घासून पँट फाटली. तरी हसू थांबेना. शेवटी डोळे पुसत त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. बारा वर्षांतली पहिली. अनुस्वारांची छाती फुगली.

"बघ," सासरे लेकीला म्हणाले, "स्थळ आलं तेव्हाच मी सांगितलं होतं, मुलाच्या हुशारीचं काही सांगता येत नाही, पण शब्दाला पक्का आहे!"