उधळ्या मुलाचा बदली बाप

नाटकाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. सांगलीला कॉलेजात असताना मी तीन एकांकिका केल्यात आणि त्यातल्या एकीला उत्तेजनार्थ बक्षीसही आहे. आयर्लंडमधल्या ड्रोहेडात आल्यापासून हे मी भेटेल त्याला सांगत आलो. माझी बायको नेत्रा इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या व्हिसाचं शेपूट धरून मी आलो, त्यामुळे सांगायला वेळही भरपूर होता. सांगता सांगता ते एल्साबेच्या कानावर गेलं.

एल्साबे नेत्राच्याच वॉर्डातली, दक्षिण आफ्रिकेची. तिकडून आलेली पंधरा-वीस कुटुंबं दर रविवारी एक हॉल घेऊन आफ्रिकान्स भाषेत प्रार्थना करतात आणि ईस्टरच्या सुमारास बायबलमधल्या गोष्टीवर नाटक बसवतात. यंदा उधळ्या मुलाची गोष्ट होती. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. एल्साबेला प्रॉम्प्टर हवा होता. मी म्हटलं, भाषेचं काय, दोन महिन्यांत करतो.

आणि केलीही. एल्साबेनं एकेक वाक्य म्हणायचं, मी ते देवनागरीत उतरवायचं. तिच्या कागदावर इंग्रजी ‘g’ दिसला की घसा खाकरल्यासारखा ‘ख’ काढायचा, हे जमल्यावर आपल्याला अर्धी भाषा आली असा मी निष्कर्ष काढला. तालमी संपेपर्यंत मला सगळ्यांची वाक्यं पाठ होती. अर्थ जरा इकडेतिकडे होता, पण प्रॉम्प्टरला अर्थ कशाला लागतो?

बापाचं काम ऊम खेर्तकडे होतं. ऊम म्हणजे काका. सत्तरीचे, साडेसहा फूट उंच, आणि आवाज असा की हॉलच्या खिडक्या थरथराव्यात. धाकटा मुलगा झाला होता रियान, गावाबाहेरच्या डेअरी फार्मवर काम करणारा. वय बेचाळीस, छातीपर्यंत दाढी, वजन एकशे दहा किलो. उपासमारीनं खंगलेला पोरगा म्हणून तो जरा तब्येतीत होता, पण दुसरं कुणी तयार झालं नव्हतं.

प्रयोग शनिवारी दुपारी तीनला. एक वाजता ऊम खेर्त आले, तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. घसा साफ बसला होता. एल्साबे मटकन खुर्चीत बसली. पोर्टलीश, कॉर्क असल्या लांबच्या गावांतली त्यांचीच आफ्रिकान्स बोलणारी मंडळी प्रयोगासाठी सकाळीच निघाली होती, प्रयोग रद्द कसा करणार?

मी पुढे झालो. म्हटलं, ऊम खेर्तनी फक्त ओठ हलवायचे, आवाज मी विंगेतून देतो. सांगलीला आम्ही असलं पुष्कळ केलंय. हे अर्थातच खोटं होतं.

ऊम खेर्तना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेमका त्यांच्या डावीकडे. त्यामुळे बाप तोंड मिटून उपदेश करत होता आणि मुलगा बोलायला लागला की बापाचे ओठ हलत होते. मी वाकून स्टेजच्या मागून पळत दुसऱ्या विंगेत गेलो. तेवढ्यात मला शोधायला ते वळले आणि त्यांचा डावा कान पुन्हा माझ्याकडे आला.

मध्यंतरात एल्साबेनं त्यांच्या अंगातला झगा काढला आणि माझ्या अंगात घातला.

“सतीश, तुला सगळं पाठ आहे,” ती म्हणाली. “जा.”

मध्यंतरानंतर बाप फूटभरानं खुजा आणि बराच सावळा होऊन आला. मुलाच्या काळजीनं झिजला, असं लोकांनी धरलं असावं, कारण कुणी हसलं नाही. वाक्यं मला भराभर आठवत होती. मी खाकरत होतो, हातवारे करत होतो, रंगात आलो होतो.

मग शेवटचा प्रसंग आला. हॉलच्या मागच्या दारातून फाटक्या कपड्यांत रियान आला. मी धावलो, माझाच झगा माझ्या पायाखाली आला, आणि मी रियानला मिठी मारण्याऐवजी थेट त्याच्या अंगावर कोसळलो. त्यानं मला वरच्या वर झेलून छातीशी धरलं. माझे पाय जमिनीपासून वीतभर वर, आणि डोकं कोरं करकरीत. सवयीनं मी विंगेकडे पाहिलं. विंगेत प्रॉम्प्टर नव्हता. प्रॉम्प्टर मीच होतो.

रियान वाट बघतोय. काहीतरी बोलायला हवं होतं. मग माझ्या तोंडून जे आलं, ते मी हॉस्टेलवरून घरी गेलो की आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात म्हणायचे ते.

“आलास बाबा? किती वाळलास रे. चल, हातपाय धू. आधी दोन घास खाऊन घे. बाकीचं मग बोलू.”

एकशे दहा किलोच्या त्या माणसाला मी हे म्हणालो. त्यानं मला हळूच खाली ठेवलं. पुढचं वाक्य त्याचं होतं, ते आलंच नाही. दाढी भिजली होती. “पा,” म्हणजे बाबा, एवढंच तो म्हणाला, आणि तेही नाटकात नव्हतं. एल्साबेनं पडदा पाडला.

ती मला नंतर म्हणाली की गेल्या वर्षी रियानचे वडील तिकडे वारले आणि हा पोचला दफन होऊन चार दिवसांनी. मग रियान चहाचा कप घेऊन माझ्याकडे आला आणि तो माझ्या हातात देऊन शेजारीच उभा राहिला.

एवढ्यात पोर्टलीशहून आलेल्या ऐंशीच्या एक आजीबाई जवळ आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. शेवटच्या प्रसंगातला शब्द न शब्द कळला म्हणाल्या, बाप त्याला आधी जेवायलाच बसवणार. मी नम्रपणे मान झुकवली.

“पण त्याआधी अर्धा तास तू जे बोलत होतास ना,” त्यांनी कुतूहलानं विचारलं, “ती तुमच्याकडची कुठली भाषा?”