सोमवारी मशीन चालू न करणारे अप्पा

देवणीच्या शिवलिंगअप्पांनी माझी झाडं कापायची मशीन वाचवली. काय झालं ते पुढं सांगतो, पण नाव आधी घेतलं पाहिजे. ती मशीन गेली असती तर त्या दुष्काळात मी कोणत्या तोंडानं माझ्या गावी, हदगावला परत गेलो असतो, ते आजही सुचत नाही.

अप्पांकडं पंप न्या, फवारा न्या, ते आधी पाना उचलत नसत. विभूतीचं बोट यंत्राला लावायचे, वाकायचे आणि त्यालाच कानडीत विचारायचे, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. मालकानं तोंड उघडलं की म्हणायचे, "तुला इचारलं का? ज्याचं दुखतंय त्याला बोलू दे."

दुसरं वेड जिल्ह्याचं. उदगीर जिल्हा होणार, अशी बातमी तिकडं सारखी उठायची. अप्पांनी आपली सगळी कामं त्या बातमीवर टांगून ठेवलेली. दाढ दुखायची. "जिल्हा झाल्यावर काढू." दुकानाच्या पत्र्याला भोकं होती. "जिल्हा झाल्यावर बघू, आत्ता गळायला पाऊस कुठाय?" पाटीवर रंगवलं होतं, 'शिवलिंग इंजिन रिपेरिंग, देवणी, जि.' आणि पुढं जागा कोरी.

मी सातवीत शाळा सोडलेला. दुष्काळाच्या त्या साली विहिरी आटल्या, उभी झाडं वाळली, म्हणून मला देवणीकडं काम मिळालं होतं, आणि त्याची लाजही वाटायची. पण मशीन दगा देत होती. चालू केली की दहा मिनिटं जोरात, मग खोडात अर्धी गेली की दम सोडायची. पेट्रोल बघायला झाकण उघडलं की परत दहा मिनिटं बरी. मी हवेचा फिल्टर धुतला, प्लग बदलला, चेनला कानस मारली. दोन मिस्त्री म्हणाले, पिस्टन गेलं, भंगारात घाल. शेवटी एका वाळक्या चिंचेत मशीन अडली तेव्हा ठेकेदारानं सांगितलं, "उद्या सांजच्यापर्यंत ती चिंच आडवी झाली न्हाई तर दुसरा माणूस आणतो."

मी झाडाखालून तसाच गरम मशीन घेऊन अप्पांकडं पळालो. नेमका सोमवार.

"आज चालू करणार न्हाई," अप्पा म्हणाले. "सोमवारी बैल जुपत न्हाईत."

तिकडं सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं.

"पण अप्पा, ही मशीन हाय."

"पिती, ओढती, दमती. मग काय मांजर हाय का?"

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी पोतं अंथरलं. "चालू करणार न्हाई म्हणलो. बघणार न्हाई असं कुठं म्हणलो?"

बैल तपासावा तशी त्यांनी मशीन तपासली. फिल्टर बघून म्हणाले, "नाकपुडी साफ हाय." सायलेन्सर बघून, "मागून बी मोकळी." मग डोळे मिटले, कान टाकीला लावला आणि झाकण हळूच फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली.

"ऐकलास? ही दमली न्हाई. हिचा श्वास कोंडलाय."

टाकीला बारीक भोक असतं. पेट्रोल जाईल तशी तिथून हवा आत यावी लागते. अप्पांनी त्यात सुई घातली, तर टोकाला गुलाबी साबण.

"हे कोण केलं?"

मीच. तिथून थेंब पाझरत होता. त्या साली थेंबही वाया घालवायची भीती वाटायची. गळक्या टाकीला साबण चोळतात तसा मी चोळला होता. आंघोळीला पाणी नव्हतं, साबण तेवढा शिल्लक होता.

"लई शहाणा हायेस हदगाव. थेंब वाचवून गळा आवळलास." त्यांनी भोक साफ केलं. "उद्या सकाळी ये. आज तिला निजू दे."

मला कुठं जाववतंय. मी तिथंच बसून राहिलो. मागं गोठा होता. दावण झाडून लख्ख, बैल मात्र नव्हता. चार वाजता अप्पांनी मोबाईल काढला, बिदरकडच्या मेव्हण्याला लावला आणि म्हणाले, "लाव त्याच्या कानाला."

मग हळूच, "चांद्या, ऊट आयता?"

आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"काय ऐकू येतंय, अप्पा?"

"घुंगरू. मान हलवायलाय." चारा संपला तेव्हा त्यांनी आपल्या बैलाला, चांद्याला तिकडं पोचवला होता. दर सोमवारी फोन.

"परत कधी आणायचा मग?"

ते पाटीकडं बघत राहिले. "जिल्हा झाल्यावर बघू," म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मंगळवारी चिंच दुपारीच आडवी झाली. मशीन एकदाही थांबली नाही. अप्पा लांब दगडावर डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकत बसले होते. काम झाल्यावर नुसती मान हलवली आणि निघून गेले.

याला बरीच वर्षं झाली. मी आता आणखी लांब, कोकणात झाडं कापतो. चांद्या मेव्हण्याच्याच गोठ्यात म्हातारा होऊन गेला. जिल्हा झाला नाही. मी सोमवारी मशीन चालू करत नाही, अप्पांना फोन करतो. ते आधी मशीनची चौकशी करतात, मग माझी. दावण अजून रोज झाडतात, हे त्यांच्या घरून कळलं.

त्या दावणीला मी एक दिवस देवणीचं गोऱ्हं आणून बांधणार आहे. जिल्ह्याची वाट न बघता. अप्पांना अजून सांगितलेलं नाही, इथंच लिहून ठेवतो.