मी सरळ केलेला डोंगर

डोंगर हलवणं माणसाच्या हातचं काम नाही, असं लोक म्हणतात. मी हलवला आहे. एका पान्यानं, एका सुट्टीच्या दिवशी, आणि तेही घामाचा थेंब न गाळता. यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि बसणारही नाही. परवा गॅलरीत बसून सूनबाईला सांगायला घेतलं, तर तिनं मटाराच्या शेंगेवरची नजरसुद्धा उचलली नाही. शेजारचे कंपाउंडर चहाच्या वासावर आलेले होते. ते म्हणाले, होऊन जाऊ द्या, नाहीतरी वर्तमानपत्रात काही नाही. आणि आमची ही कोपऱ्यात जुना स्वेटर उसवत बसली होती, तिनं फक्त सुस्कारा टाकला. तुम्ही मात्र भले लोक दिसता. तुम्ही ऐका.

तेव्हा आम्ही दोघं परदेशात होतो. पंपांच्या कारखान्यात मी फिटर. काम एकच, पण राजाचं! यंत्राची बैठक बसवायची आणि ती केसभरही कलू द्यायची नाही. त्यासाठी माझ्या खिशात कायम पाणसळ असायची, म्हणजे ती वीतभर पट्टी, मधल्या काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध आला की जगात सगळं ठीक. नाही आला की मला अन्न गोड लागत नसे. लोकांच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तरी मी आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचो, मग नमस्कार. एकदा दवाखान्यात डॉक्टर माझी नाडी बघत होते आणि मी त्यांचं टेबल बघत होतो. शेवटी त्यांनीच पायाखाली पुठ्ठा सरकवला.

आम्ही एका न्हाव्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर डोंगर दिसे. एखाद्या आजोबांनी पाठ टेकवून बसावं तसा गावाशेजारी बसलेला, ऐसपैस. त्याच्या माथ्यावर दोन खांबांमध्ये एक घंटा टांगलेली होती. जो कोणी वर पोचेल त्यानं दोर ओढायचा आणि खाली साऱ्या गावानं ऐकायचं, अशी पद्धत. सुट्टीच्या दिवशी दिवसभर टण्‌ टण्‌ चालू. ही ओट्याशी उभी राहून ऐकायची आणि घंटेवरून माणूस ओळखायची. हा बघा, याला धाप लागलीय. ही बाई नवऱ्यावर चिडलीय. हा कुणीतरी दाखवायला आलाय, उगाच जास्त वाजवतोय. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्याच घंटा ऐकत होती.

मग आमचं परत यायचं ठरलं. सामान बांधून झालं. एकदा भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "इथलं मला काही न्यायचं नाही. फक्त एकदा ती घंटा माझी म्हणून वाजू दे."

आता बायकोनं परदेशात येऊन साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, मागितली ती घंटा. मी तिथल्या तिथे शब्द दिला. पण त्यात एक मेख होती. थंडी सुरू झाली की घंटेचा दोर काढून ठेवत, नाहीतर तो बर्फानं कुजे. एक म्हातारा त्यासाठी वर जाई. त्या वर्षी दोर उतरवायचा दिवस आला तो नेमका आमचा शेवटचा रविवार. म्हणजे सूर्य मावळायच्या आत घंटा वाजली तर वाजली, नाहीतर जन्मात नाही.

मी कारखान्याच्या कँटीनमध्ये जाहीर केलं की रविवारी दुपारच्या आत आमच्या घरची घंटा ऐकू येईल. आमचा फोरमन हा मिशांचा माणूस. त्याच्या मिशा आधी दारातून आत यायच्या, मग तो. त्यानं मिशीतल्या मिशीत विचारलं, की डोंगर कधी चढलायस का? मी म्हणालो, चढण्यासारखा मिळालाच नव्हता. झालं. तोही आपली माणसं घेऊन यायला तयार झाला. तू पुढे हो, म्हणाला, आम्ही बाणांच्या मागोमाग येतो.

तयारीत मी कसर ठेवली नाही. पाय चालून सुजतात म्हणून बूट एक माप मोठे घेतले. वर गेल्यावर बसायला लागेल म्हणून घडीची खुर्ची पाठीला बांधली. स्टोव्ह, छत्री, दोरखंड, दोन चादरी, आणि हत्यारांची थैली, कारण डोंगरावर कधी काय बिघडेल सांगता येत नाही. मला बघून खालचा न्हावी दुकानाबाहेर आला आणि त्यानं हात हलवून निरोप दिला. बिचाऱ्याला वाटलं आम्ही घर सोडून चाललो. हिनं काय घेतलं? पाण्याची बाटली, पोळीचा रोल आणि पदर खोचायला एक पिन.

डोंगराच्या पायथ्याला एक गाडीवाट होती, सपाट, डोंगराला वळसा घालून जाणारी. तिच्यातून मधे मधे झाडीत शिरून पायवाटा वर जायच्या. जिथे पायवाट सुटे तिथे एक खांब आणि खांबावर बाणाची पाटी. पहिल्या खांबापाशी आलो आणि माझे पाय थबकले. पाटी वाकडी! एक टोक जमिनीकडे, बाणाचं टोक वर झाडीकडे. एवढा शिस्तीचा मुलूख, लोक रांगेत शिंकतात, आणि पाटी अशी लोंबती?

मी पाना काढला. ही म्हणाली, अहो, वाट वर जाते म्हणून बाण वर असेल. मी तिला समजावलं की वाट कुठेही जाईना, पाटीनं पाटीसारखं राहायला पाहिजे. बोल्ट सैल केला, पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आणला आणि बोल्ट असा आवळला की तो पुन्हा कुणाच्या बापाला हलू नये. मग बाण जिकडे दाखवत होता तिकडे, म्हणजे गाडीवाटेनं सरळ, आम्ही चालू लागलो.

पुढच्या खांबाची तीच तऱ्हा. त्याच्या पुढच्याचीही. मी एकेक सरळ करत गेलो. परक्या मुलखानं तीन वर्षं आपल्याला पोसलं, जाता जाता काहीतरी सेवा घडतेय, असं वाटून ऊर भरून आला. वाट छान होती. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला पिवळी झाडं. चढ तर नावाला नाही. मी हिला म्हणालोसुद्धा, की लोक उगाच या डोंगराचा बाऊ करतात. ती मधून मधून फक्त माथ्याकडे बघायची. माथा आपला तेवढाच उंच. आम्ही एवढं चालून तो बोटभर जवळ आला नव्हता.

दुपार कलली तेव्हा एका खांबापाशी आलो आणि मी टाळीच वाजवली. काय पाटी होती! अगदी सरळ. पाणसळ लावली तर बुडबुडा मधोमध. बोल्ट तर असा आवळलेला की कुणा जातिवंत कारागिराचा हात. मी हिला म्हणालो, "बघ, साऱ्या डोंगरात एक माणूस तरी कामाचा निघाला!"

ती म्हणाली, "अहो, ही आपलीच पहिली पाटी. सकाळी तुम्हीच सरळ केलीत."

डोंगराला अख्खी प्रदक्षिणा झाली होती. आणि तेवढ्यात मागून आवाज येऊ लागले. वळून बघतो तर माणसंच माणसं! शिस्तीचे लोक, बाण सांगेल तिकडे जाणार. एक म्हातारं जोडपं, एक कुत्रा आणि त्याच्यामागे ओढला जाणारा त्याचा मालक, शाळेच्या बाई, आणि सर्वांच्या पुढे फोरमनच्या मिशा. सगळे डोंगराभोवती गोल गोल फिरत होते. रांग इतकी लांबली होती, की तिचं शेपूट पुढच्या वळणावर, आमच्याही पुढे, दिसत होतं. फोरमन घाम पुसत मला म्हणाला, डोंगर गेल्या वर्षीपेक्षा मोठा झालाय. मी म्हटलं, हवापाण्याचा गुण असेल.

मी पाटी पुन्हा वाकडी करायला पाना लावला. हलेना. माझंच काम ते! मी लोंबकळलो, खुर्चीसकट लोंबकळलो, बोल्ट ढिम्म.

आता खरी गोष्ट ऐका. सकाळपासून कुणीच वर पोचलं नव्हतं. घंटा एकदाही वाजली नव्हती. वर तो दोरवाला म्हातारा बसून बसून कंटाळला असणार. त्या ठिकाणाहून माथा उघडा दिसायचा. हिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, की म्हातारा उठलाय, खांबाला शिडी लावतोय. ऊन होतं अजून, पण आज कोणी येत नाही असं बघून तो दोर उतरवायला निघाला होता.

मी म्हणालो, आपण रीतसर विचार करू. तिनं पदर खोचला, पिन लावली. "तुम्ही विचार करा," म्हणाली, "मी जाते."

आणि गेली. झाडीत शिरली ती शिरलीच. मी तिच्या मागे निघालो, पण पाठीवरचं बिऱ्हाड मला मागे खेचू लागलं. दोन पावलं वर, तीन खाली. शेवटी मी डोकं चालवलं. ओझं मागे खेचतंय ना? मग मागेच चढू. मी तोंड खाली आणि पाठ डोंगराकडे करून उलटा चढायला लागलो. बरा चढलो हो! पण दोन झाडं जवळजवळ उभी होती, त्यांच्यात घडीची खुर्ची गेली आणि तिथे उघडली. मी असा अडकलो की पाय जमिनीला लागेनात. बूट तर एक माप मोठेच. एक गळून खाली गेला आणि फोरमनसमोर पडला.

मी वरून ओरडून सगळ्यांना सांगितलं की वाट इकडे आहे, वर या. फोरमननं बूट उचलला, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पाटी सरळ आहे. वाकडा तू आहेस." आणि रांग पुन्हा पुढे चालू लागली.

आणि इकडे आमची ही! काय सांगू तुम्हाला तिचा तो चढ! पहिला कडा आला तो तिनं ओट्यावर चढून वरचा डबा काढावा तसा पार केला. पुढे दगडगोटे घसरत होते. ती घसरत्या दगडावरून पुढच्या दगडावर, दगडाला आपण घसरलो हे कळायच्या आत. वाटेत एक रानबोकड आडवा आला. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला ठाऊक आहे, मी मिळालेला पगार खर्च करून आलो की ती तशी बघायची. बोकडानं वाट सोडली आणि तिला थोडं पोचवायलाही गेला. ती माथ्यावर आली तेव्हा म्हाताऱ्यानं दोराची गाठ सोडलेली होती. तिनं झेप घेतली आणि दोराचं टोक धरलं. म्हातारा वरून ओढतोय, ही खालून. शिडी डुलतेय. शेवटी तिनं एक हिसका असा दिला की म्हातारा शिडीवरून थेट गवतात, आणि घंटा अशी वाजली, की तळ्याचं पाणी काठाला आपटलं, पिवळ्या झाडांची सगळी पानं एकदम गळली, आणि खाली गावात न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. रांग जागच्या जागी थांबली. फोरमननं टोपी काढली. आणि वर ती उभी, पदर वाऱ्यावर, एका हातात दोर, दुसरा कमरेवर, चेहऱ्यावर असं हसू की मी डोळे भरून बघतच राहिलो...

परवा गॅलरीतही मी इथवरच आलो होतो, तेव्हा "बाबा, एक मिनिट," सूनबाई म्हणाली. तिचे हात थांबले होते आणि अर्धी सोललेली शेंग तशीच बोटांत होती. "तुम्ही तर झाडात अडकला होतात. पाठ डोंगराकडे, तोंड खाली. मग आईंचं हसू तुम्ही बघितलंत कुठून?"

कंपाउंडरनी कप खाली ठेवला. मी म्हणालो, त्या काळी माझी मान फार लवचीक होती.

"झेप नाही नि हिसका नाही गं," ही स्वेटर उसवता उसवता म्हणाली. "त्या बिचाऱ्यानं मला येताना बघून दोर तसाच ठेवला, आधी पाणी प्यायला दिलं, मग म्हणाला वाजव. मी वाजवली आणि खाली पाहिलं. सगळे लोक वर बघत होते. आणि हे एकटे झाडात लटकून, भलतीकडे तोंड करून, टाळ्या वाजवत होते."